मोंटे कार्लो रॅली : बर्फ, घड्याळ आणि हौशी स्पर्धक

जानेवारी २०२२ मध्ये मोंटे कार्लो रॅलीचे विजेतेपद फ्रान्सच्या सेबॅस्टियन लोबने पटकावले. त्या वेळी तो ४७ वर्षांचा होता. विश्व रॅली अजिंक्यपद मालिकेतील स्पर्धा या वयात आजवर कोणीही जिंकली नव्हती, त्यामुळे वृत्तपत्रांचे मथळे त्याच्या वाट्याला आले. त्याच्या शेजारच्या आसनावर बसून प्रत्येक वळणाची सूचना देणाऱ्या सहचालकाचे नाव होते इझाबेल गाल्मिश. पेशाने त्या गणिताच्या शिक्षिका. शाळेतील नोकरी सांभाळून त्यांनी रॅलीचा छंद जोपासला होता. या मालिकेतील स्पर्धा एखाद्या महिलेने जिंकण्याचा योग १९९७ नंतर प्रथमच आला होता. १९९७ मध्ये इटलीच्या फॅब्रिझिया पॉन्स यांनी पिएरो लियात्ती याच्या साथीने हीच रॅली जिंकली होती.

मोटारस्पर्धा म्हटली की कोट्यवधींचा खर्च, कंपन्यांचे संघ आणि पगारी चालक डोळ्यांसमोर येतात. मोंटे कार्लो रॅलीही आज त्याला अपवाद नाही. तरीही एका शिक्षिकेचे या स्पर्धेतील यश तिच्या इतिहासाशी सुसंगतच म्हणावे लागेल. ही रॅली मुळात जन्माला आली ती हौशी मंडळींसाठी. पुढे व्यावसायिकांनी तिच्यावर ताबा मिळवला आणि हौशी स्पर्धक मागे पडत गेले. त्यांना पुन्हा हक्काची जागा मिळाली ती वेगाऐवजी वेळेचा हिशेब मागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रॅलीने. या रॅलीत कोणीही भाग घेऊ शकतो असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हिवाळ्यातील आल्प्सचा रस्ता हौशी आणि व्यावसायिक असा भेद करत नाही.

हौशींची स्पर्धा

भूमध्य समुद्राच्या काठावरील मोनॅको या चिमुकल्या राज्यात हिवाळ्यात श्रीमंत पाहुणे यावेत, या हेतूने राजे पहिले आल्बर्ट यांच्या प्रोत्साहनाने जानेवारी १९११ मध्ये पहिली रॅली झाली. कल्पना साधी होती. युरोपातील निरनिराळ्या शहरांतून मोटारमालकांनी निघायचे आणि थंडी, चिखल, बर्फ यांतून वाट काढत मोनॅको गाठायचे. पहिल्या वर्षी ११ ठिकाणांहून २३ गाड्या निघाल्या. पॅरिसहून निघालेला हेन्री रूझिए तुर्का-मेरी गाडीतून आला आणि विजेता ठरला. गुण देताना गाडीचा देखणेपणा, प्रवाशांची सोय आणि गाडी कोणत्या अवस्थेत पोहोचली याचाही विचार झाला. या निकालावर त्याच वर्षी वाद झाला. बर्लिनहून दूरचा प्रवास करून आलेल्या स्पर्धकाने हरकत घेतली, पण निर्णय बदलला नाही.

दुसरी रॅली १९१२ मध्ये झाली. पुढे महायुद्धामुळे खंड पडला आणि १९२४ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली. अनेक शहरांतून एकाच ठिकाणी येण्याच्या या प्रवासाला ‘एकत्रीकरण प्रवास’ म्हटले जाते. दूरच्या आणि खडतर ठिकाणाहून येणाऱ्याला अधिक गुण मिळत, म्हणून धाडसी स्पर्धक मुद्दाम अवघड शहरे निवडत. १९३१ चा विजेता डोनाल्ड हीली नॉर्वेतील स्टाव्हँगरहून निघाला होता. १९३६ चे विजेते रुमानियाचे झाम्फिरेस्कू आणि क्रिस्टेया अथेन्सहून बाल्कन प्रदेशातील बर्फ तुडवत आले होते. महिला स्पर्धकांसाठी ‘कूप दे दाम’ हा स्वतंत्र चषक होता.

व्यावसायिकांचे आगमन

१९६० च्या दशकात चित्र पालटले. या रॅलीतील विजय गाड्यांच्या विक्रीला उपयोगी पडतो, हे मोटार कंपन्यांच्या ध्यानात आले. स्वीडनच्या एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ अशी सलग दोन वर्षे साब गाडीतून ही स्पर्धा जिंकली. १९६४ मध्ये मिन्स्कहून निघालेल्या पॅडी हॉपकर्कने इवल्याशा मिनी कूपरला विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षी भयंकर हिमवर्षावात बहुसंख्य गाड्या वाटेतच अडकल्या आणि टिमो मॅकिनेनने मिनीतूनच बाजी मारली. १९६६ मध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी आणि चौथी आलेली फोर्ड अशा चारही गाड्या पुढील दिव्यांच्या नियमभंगावरून बाद झाल्या व विजेतेपद सित्रोएन चालवणाऱ्या पाऊली टोइव्होनेनला देण्यात आले. तो वाद अनेक वर्षे धुमसत राहिला.

या काळात कंपन्यांचे संघ रस्त्यांची आधी पाहणी करू लागले. प्रत्येक वळणाची टिपणे तयार होऊ लागली. ठिकठिकाणी निरनिराळे टायर घेऊन मेकॅनिक उभे राहू लागले. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गाडीतून आणि मित्राला शेजारी बसवून येणाऱ्या स्पर्धकाकडे यांपैकी काहीच नव्हते.

बुर्झेचा बर्फ

दोन वर्गांतील ही दरी १९७३ मध्ये उघड्यावर आली. त्या वर्षी विश्व रॅली अजिंक्यपद मालिका सुरू झाली आणि तिची पहिलीच स्पर्धा मोंटे कार्लो होती. फ्रान्सच्या आर्देश भागातील बुर्झे गावाजवळच्या टप्प्यावर आघाडीच्या गाड्या निघून गेल्यानंतर हिमवादळाने रस्ता बंद पडला. मागून येणाऱ्या शंभराहून अधिक गाड्या अडकल्या. त्यांत बहुतेक खासगी स्पर्धक होते. हा टप्पा पूर्ण न करणाऱ्यांना संयोजकांनी स्पर्धेतून बाद ठरवले. महिनोन् महिने तयारी करून, पदरमोड करून आलेल्या या मंडळींचा संताप अनावर झाला. त्यांनी पुढे जाऊन रॅलीचाच रस्ता अडवला. रॅली थांबली नाही. फ्रान्सचा ज्याँ-क्लोद आंद्र्युए अल्पीन गाडीतून विजयी झाला. मात्र क्रमाने मागे असणाऱ्याला निसर्गाचा फटका अधिक बसतो आणि नियम करताना त्याचा विचार शेवटी होतो, हा त्या प्रसंगाचा धडा हौशी स्पर्धकांच्या स्मरणात राहिला.

१९९० च्या दशकात एकत्रीकरण प्रवासही मूळ रॅलीतून हद्दपार झाला. १९११ च्या कल्पनेचा धागा जणू तुटला.

जुन्या गाड्यांना नवा रस्ता

हा धागा पुन्हा जोडण्याचे काम ऑटोमोबाइल क्लब द मोनॅको या संस्थेनेच केले. १९९८ मध्ये तिने ‘मोंटे कार्लो हिस्टोरिक’ ही वेगळी रॅली सुरू केली. पूर्वीच्या रॅलींत ज्या प्रकारच्या गाड्या धावल्या होत्या, त्याच प्रकारच्या जुन्या गाड्यांना येथे प्रवेश मिळतो. ग्लासगो, रांस, बार्सिलोना, तुरिन, जर्मनीतील बाड होम्बुर्ग अशा शहरांतून वेगवेगळ्या वर्षी गाड्या निघाल्या आहेत. दक्षिण फ्रान्समधील व्हालांस शहराच्या परिसरात त्या एकत्र येतात. आर्देश आणि द्रोम भागांतील घाटरस्ते पार करून मोनॅकोत पोहोचतात आणि अखेरच्या रात्री कोल द तुरिनी ही खिंड चढतात. दोनशेहून अधिक गाड्या सहभागी होणाऱ्या या रॅलीत डॉक्टर, व्यापारी, निवृत्त अभियंते, बाप-लेक, पती-पत्नी अशा जोड्या दिसतात. कधी काळी मुख्य रॅली गाजवलेले चालकही त्यांच्यात असतात.

तुरिनीची उंची १,६०७ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईपेक्षा ती नावालाच कमी. अंधारात चढणाऱ्या गाड्यांच्या प्रखर दिव्यांचे झोत आकाश कापत जाताना दिसत, म्हणून येथील रात्रीला ‘लांब सुऱ्यांची रात्र’ असे नाव पडले. रस्ता कोरडा असेल तर उत्साही प्रेक्षक त्यावर फावड्याने बर्फ टाकतात, हाही येथील जुना उपद्रव.

वेग नव्हे, वेळ

हिस्टोरिक रॅलीत सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. ठरवून दिलेली सरासरी गती जो अचूक राखतो, तो जिंकतो. या पद्धतीला ‘रेग्युलॅरिटी’ म्हणतात. भारतात ती ‘टीएसडी’ म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स या नावाने परिचित आहे. फ्रान्समध्ये अशा स्पर्धांत सरासरी गती ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. रस्ते सार्वजनिक वाहतुकीचेच असतात आणि वाहतुकीचे नियमही पाळावे लागतात. टप्प्यावर कोठे वेळ नोंदवली जाणार, हे स्पर्धकाला ठाऊक नसते. तेथे उशिरा पोहोचल्यास दंडगुण मिळतात, तसेच लवकर पोहोचल्यासही मिळतात. सर्वांत कमी दंडगुण असलेला विजेता.

ताशी ५० किलोमीटर ही गती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यास हास्यास्पद वाटेल. परंतु ही सरासरी आहे, हे विसरता येत नाही. केसाच्या चिमट्यासारख्या वळणावर गाडी ताशी २० किलोमीटरवर आणावी लागते. हा तोटा पुढच्या सरळ रस्त्यावर भरून काढायचा आणि त्या सरळ रस्त्यावर बर्फ असेल, तर ताशी ५० ही गतीही अंगावर येते.

नॅव्हिगेटरचे गणित

येथे शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरची कसोटी लागते. समजा, ठरलेली सरासरी ताशी ४५ किलोमीटर आहे. म्हणजे मिनिटाला ७५० मीटर. दहा किलोमीटरची खूण बरोबर १३ मिनिटे २० सेकंदांनी ओलांडली पाहिजे. वाटेत समोरून दूधगाडी आली आणि २० सेकंद वाया गेले, तर काय करायचे? ताशी ५४ किलोमीटरने गाडी हाकली, तर दर मिनिटाला १२ सेकंद भरून निघतात. म्हणजे १०० सेकंद ही वाढीव गती राखावी लागेल. हा हिशेब हलत्या गाडीत, अंधारात, मांडीवरच्या नकाशावर छोट्या दिव्याचा उजेड पाडून करायचा असतो. त्याच वेळी पुढचा फाटाही चुकवायचा नसतो.

त्यात भर पडते अंतरमापकाची. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारे यंत्र बर्फावर फसवते. चाक जागच्या जागी फिरले तरी यंत्र अंतर वाढवत राहते. आपण ठरल्यापेक्षा पुढे आहोत असे नॅव्हिगेटरला वाटते, तो चालकाला गती कमी करायला सांगतो आणि प्रत्यक्षात गाडी मागे पडते. टायर बदलल्याने चाकाचा घेर किंचित बदलला तरी हीच गत होते. अंतर मोजण्यात अवघी अर्ध्या टक्क्याची चूक असेल, तर २० किलोमीटरच्या टप्प्यात १०० मीटरचा फरक पडतो. ताशी ४५ किलोमीटरच्या सरासरीला हे आठ सेकंद झाले. म्हणून अनुभवी जोड्या आधीच मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून यंत्र जुळवून घेतात आणि टप्प्यातही मैलाचे दगड, पूल, फाटे अशा ठरावीक खुणांवर आकडा दुरुस्त करत राहतात.

काळा बर्फ

स्वीडनमधील हिवाळी रॅलीत रस्ता साधारणपणे एकसारखा बर्फाळ असतो आणि सर्व गाड्यांना धातूच्या खिळ्यांचे टायर असतात. कडाक्याच्या थंडीतील कठीण बर्फात हे खिळे घट्ट रुततात. मोंटे कार्लोची अडचण वेगळी आहे. एकाच टप्प्यात पायथ्याशी कोरडे डांबर, मध्ये ओला रस्ता, खिंडीत बर्फ आणि उतारावर पुन्हा डांबर असा प्रकार आढळतो. खिळ्यांचे टायर बर्फावर तारतात, पण कोरड्या डांबरावर पकड कमी होते आणि खिळे निखळतात. साधे टायर डांबरावर उत्तम, पण बर्फावर निरुपयोगी. कोणताही टायर निवडला तरी टप्प्याचा काही भाग चुकीच्या टायरवर काढावा लागणार, हे गृहीतच धरावे लागते.

सर्वांत घातक असतो तो न दिसणारा बर्फ. दुपारच्या उन्हात डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ओघळते आणि सूर्य कलताच त्याचा पारदर्शक थर गोठतो. दिव्यांच्या उजेडात तो नुसता ओला रस्ता वाटतो. शून्य अंशाच्या जवळपासचा बर्फ कडक थंडीतील बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. ताशी ५० किलोमीटर गतीची गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबू शकते. गुळगुळीत बर्फावर साध्या टायरने तेच अंतर १०० मीटरच्या आसपास जाते. मुख्य रॅलीतील संघांच्या वतीने अनुभवी चालक टप्पा सुरू होण्यापूर्वी रस्ता पाहून येतात आणि बर्फ कोठे आहे ते टिपणांत नोंदवतात. अशी सोय परवडत नसलेल्या हौशी स्पर्धकाला रस्त्याच्या रंगावरून, सावलीवरून आणि बाहेरील तापमानावरून अंदाज बांधावा लागतो. उत्तरेकडे तोंड असलेला उतार, पुलाचा पृष्ठभाग आणि झाडांच्या सावलीतील वळण या तीन ठिकाणी बर्फ आहे असे समजूनच गाडी हाकावी, हा येथील सर्वमान्य संकेत.

ब्रेक वळणात न दाबता वळणाच्या आधी, चाके सरळ असताना दाबायचा. स्टिअरिंग हळुवार फिरवायचे. पुढची चाके घसरू लागली, तर अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग किंचित सरळ करायचे आणि पकड येण्याची वाट पाहायची. बर्फावर गाडी उभी राहिली, तर दुसऱ्या गिअरमध्ये निघायचे. हे सारे वाचायला सोपे आहे. पण घसरणाऱ्या गाडीत माणसाचा पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि तो जाऊ न देण्यासाठीच सराव लागतो.

पन्नाशीतली गाडी

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी हिवाळ्यात चालवणे ही स्वतंत्र परीक्षा आहे. थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि इंजिनातील तेल दाट होते. म्हणजे गाडी सुरू करण्यासाठी ताकद अधिक लागते आणि उपलब्ध असते कमी. जुन्या डायनामोला जादा दिवे, वायपर आणि हीटरचा पंखा यांचा भार एकाच वेळी पेलत नाही. हीटर कमजोर असल्याने दोघांच्या श्वासाची वाफ काचेवर बसते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून इंजिन अडखळते. म्हणून रेडिएटरच्या पाण्यात गोठणरोधक द्रव, पारखून घेतलेली बॅटरी, फावडे, ओढण्याची दोरी, चाकांच्या साखळ्या, ब्लँकेट, कोरडे हातमोजे आणि गरम पेयाचा थर्मास ही शिदोरी गाडीत ठेवली जाते. काच पुसण्यासाठी साधे फडकेही विसरून चालत नाही.

खर्चाची बाजूही लक्षात घ्यावी लागते. प्रवेशशुल्क, विमा, टायर, इंधन, मुक्काम आणि गाडीची डागडुजी हे सारे स्पर्धकाच्या खिशातून जाते. पहिल्या काही क्रमांकांच्या पलीकडे मिळते ती गाडीवर लावायची पाटी आणि अंतिम यादीतले नाव. परंतु या यादीत शेवटच्या क्रमांकावर नाव असणे आणि ते मुळीच नसणे यांत हौशी माणसाच्या लेखी मोठे अंतर आहे.

थांबण्याचा निर्णय

रात्री दोन वाजता, सोळा तासांच्या प्रवासानंतर, चालकाचे डोळे मिटू लागतात. ठरल्या वेळेपेक्षा गाडी चार मिनिटे मागे आहे. पुढे खिंडीत बर्फ पडत असल्याचे समजते. अशा वेळी गती वाढवावी, तीच ठेवावी की गाडी बाजूला घ्यावी? व्यावसायिक संघात असा सल्ला देणारा व्यवस्थापक असतो. हौशी जोडीत हा निर्णय दोघांनाच घ्यावा लागतो, आणि तोही त्या रात्रीसाठी वर्षभर पैसे साठवलेले असताना. थकवा आणि झालेल्या खर्चाचा विचार, ही अपघाताची दोन मोठी कारणे. म्हणून कोणत्या परिस्थितीत थांबायचे, हे जाणत्या जोड्या घर सोडण्यापूर्वीच ठरवतात. एकाने ‘थांब’ म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम. गेलेले गुण पुढच्या वर्षी मिळवता येतात, हे वाक्य घाटाच्या माथ्यावर पटत नाही. ते घरातच पटवून घ्यावे लागते.

भारतातील वाट

वेळेच्या हिशेबावर चालणारी ही स्पर्धा भारतीय वाचकांना अगदीच परकी नाही. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ मध्ये स्थापन झालेली संस्था महिलांसाठी टीएसडी रॅली भरवत आली आहे. घरच्या गाडीतून, नेहमीच्या रस्त्यावर, घड्याळ आणि कागद घेऊन उतरणाऱ्या गृहिणी व नोकरदार महिलांनी नॅव्हिगेशनचे पहिले धडे अशाच स्पर्धांत गिरवले. हिमाचल प्रदेश आणि लडाखमधील उंच खिंडींतून जाणारी ‘रेड द हिमालय’ ही रॅली १९९९ मध्ये सुरू झाली आणि अनेक वर्षे ऑक्टोबरच्या सुमारास भरत राहिली. तिच्या वेगवान गटाखेरीज ‘अॅडव्हेंचर’ हा टीएसडी गट हौशी स्पर्धकांसाठी होता. पहिल्या हिमवर्षावाशी तेथेही गाठ पडत असे. देशातील मोटारस्पर्धांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते.

आल्प्समधील बर्फाची कल्पना सह्याद्रीतील घाटांवरून येणार नाही. पण ठरल्या सेकंदाला ठरल्या दगडापाशी पोहोचण्याचे कसब ताम्हिणी किंवा माळशेज घाटातही कमावता येते. गणिताची शिक्षिका ज्या आसनावर बसून मोंटे कार्लो जिंकली, त्या आसनाची पूर्वतयारी कोठूनही सुरू होऊ शकते. त्यासाठी हवे एक खात्रीचे घड्याळ आणि प्रसंगी ‘थांब’ म्हणणारा व तसे म्हटल्यावर ऐकणारा जोडीदार.

रॅलीच्या परिभाषेतील काही शब्द

एकत्रीकरण प्रवास : निरनिराळ्या शहरांतून निघून एका ठिकाणी येण्याचा रॅलीचा पहिला भाग.

रेग्युलॅरिटी : ठरवून दिलेली सरासरी गती अचूक राखण्याची स्पर्धा, लवकर आणि उशिरा पोहोचणे हे दोन्ही दोषच.

विशेष टप्पा : मुख्य रॅलीतील बंद रस्त्यावरचा, कमीत कमी वेळात पूर्ण करायचा भाग.

जोडरस्ता : दोन टप्प्यांमधील सार्वजनिक रस्ता, येथे वाहतुकीचे सर्व नियम लागू.

रोडबुक : प्रत्येक फाट्याचे छोटे रेखाचित्र आणि तेथपर्यंतचे अंतर देणारी पुस्तिका.

पेसनोट्स : वळणांची दिशा व तीव्रता सांगणारी टिपणे, सहचालक ती चालत्या गाडीत वाचून दाखवतो.